दुष्काळानं जिचे आईबाप नेले, तिनंच पुढं दुष्काळातल्या हजारावर पोरी वाचवल्या

नांदेड किंवा लातूरहून रात्रीच्या रेल्वेनं पुण्याला निघालात की पहाटे कधीतरी दौंड येतं. डब्यातले अर्धे लोक तिथं जागे होतात, चहावाले ओरडायला लागतात. दौंड सुटलं की थोड्याच वेळात केडगाव नावाचं एक लहान स्टेशन खिडकीतून मागं पडतं. त्याकडं कुणी बघतही नाही.

पण १८९७ साली याच केडगावच्या माळावर तंबू पडले होते. तंबूत लहान लहान पोरी होत्या. कुणी सहा वर्षांची, कुणी दहा, कुणी पंधरा. बहुतेकींच्या अंगावर फक्त हाडं उरलेली. त्या पुण्याच्या नव्हत्या, महाराष्ट्राच्याही नव्हत्या. शेकडो मैलांवरच्या मध्य प्रांतातून, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातून त्यांना इथं आणलं होतं. आणणारी होती एक विधवा बाई. वय ३८.

त्या बाईंचं नाव पंडिता रमाबाई.

शाळेत आपण रमाबाईंबद्दल दोन-चार ओळी वाचतो. संस्कृतच्या पंडिता, शारदा सदन, धर्मांतर. विषय संपला. पण आज एखाद्या देशात युद्ध किंवा दुष्काळ झाला की युनिसेफसारख्या संस्था मुलांसाठी जे काम करतात, ते या बाईंनी सव्वाशे वर्षांपूर्वी बैलगाडी आणि रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या भरवशावर केलं होतं, हे फारसं सांगितलं जात नाही.

आणि त्यांनी ते का केलं, हे समजायला त्यांचं बालपण बघावं लागतं.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. मूळचे मंगळूरकडचे चित्पावन ब्राह्मण. शिकायला पुण्यात आले. त्यांचे गुरू पेशव्यांच्या घरातल्या बाईंना संस्कृत शिकवायचे. ते बघून अनंतशास्त्रींच्या डोक्यात बसलं की बायकोलाही शिकवायचं. पहिल्या बायकोच्या बाबतीत घरच्यांनी ते होऊ दिलं नाही. ती वारल्यावर तीर्थयात्रेत असताना गोदावरीच्या काठी त्यांचं दुसरं लग्न ठरलं. मुलगी नऊ वर्षांची, हे चाळिशी ओलांडलेले. आज ऐकताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा यात कुणाला काही गैर वाटलं नाही. गैर वाटलं ते पुढं, बायकोला संस्कृत शिकवायला घेतलं तेव्हा. विरोध इतका झाला की शास्त्रीबुवांनी गाव सोडलं आणि सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात घर बांधलं. तिथं २३ एप्रिल १८५८ ला रमाचा जन्म झाला.

रमा सहा महिन्यांची असताना घरची ओढाताण वाढली आणि अख्खं कुटुंब पुन्हा यात्रेला निघालं. बाळाला वेताच्या पेटाऱ्यात ठेवून डोंगरावरून खाली आणलं. तेव्हापासून रमाला घर असं नव्हतंच. हे लोक देवळात, नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचे. लोक तांदूळ, पैसे, कापड द्यायचे. आईनं पहाटे उठवून रमाला शिकवलं. बाराव्या वर्षापर्यंत तिला हजारो श्लोक पाठ झाले.

आणि मग दुष्काळ आला.

१८७० च्या दशकात दक्षिण भारतात पडलेल्या दुष्काळांनी लाखो माणसं गिळली. जिथं गावालाच खायला नाही, तिथं पुराण ऐकायला कोण येणार आणि पुराणिकाला कोण देणार? डोंगरे कुटुंबानं आधी दागिने विकले, मग भांडी, मग कपडे. हातात राहिलेल्या पैशातूनही दानधर्म केला, कारण देव प्रसन्न होईल अशी आशा. देव काही प्रसन्न झाला नाही.

शेवटी तिरुपतीच्या बाजूच्या जंगलात ही मंडळी अकरा दिवस राहिली. खायला झाडपाला, पाणी आणि थोडे रानखजूर. म्हाताऱ्या, अंध झालेल्या अनंतशास्त्रींनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास म्हणाला की मी मजुरी करतो.

ही साधी गोष्ट नव्हती. या घरात शास्त्रं होती, व्याकरण होतं, अठरा पुराणं होती. पण चार पैसे मिळवून देईल असं एकही काम कुणाला येत नव्हतं. अंगमेहनत करणं कमीपणाचं, हेच लहानपणापासून मनावर ठसवलेलं. रमाबाईंनी पुढं आपल्या दुष्काळाच्या आठवणी लिहिल्या, त्यात ही बोच स्वच्छ दिसते. अन्न नव्हतं हे एक झालं. पण अन्न कमवायचं कसं हे आपल्याला कुणी शिकवलंच नव्हतं, हे त्यांना जास्त लागलेलं होतं.

जंगलातून बाहेर पडल्यावर वडील गेले. पाठोपाठ आई तापानं पडली. तिला भाकरीचा तुकडा खावासा वाटला म्हणून रमा शेजारच्या बाईकडं मागायला गेली, पण तोंडातून शब्द फुटेना. त्या बाईनं न विचारताच बाजरीची भाकरी दिली. आईला ती खाता आली नाही. आई गेली तेव्हा खांदा द्यायलाही माणसं मिळेनात. स्मशान तीन मैलांवर. शेवटी दोन ब्राह्मण आले, तिसरा भाऊ आणि चौथी रमा. तिची उंची कमी म्हणून तिनं तिरडीचा भार डोक्यावर घेतला. ती तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होती. काही महिन्यांत थोरली बहीणही गेली.

उरले भाऊ-बहीण दोघं. ते चालत उत्तरेकडं गेले. पंजाबकडच्या थंडीत अंगावर पांघरायला काही नाही म्हणून नदीकाठी वाळूत खड्डा खणायचे आणि त्यात झोपून मानेपर्यंत वाळू ओढून घ्यायचे. रानबोरं मिळाली तर बियांसकट खायचे.

इथून पुढचा भाग पाठ्यपुस्तकात असतो, म्हणून पटकन बघू. १८७८ साली दोघं कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी रमाचं संस्कृत ऐकून तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं, आणि तेही जात मोडून. मुलगी झाली, मनोरमा. १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा कॉलऱ्यानं गेला. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर दहा महिन्यांचं पोर.

त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढं स्त्रीशिक्षणावर साक्ष दिली. डॉक्टर व्हायचं म्हणून १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, पण कानानं कमी ऐकू येत असल्यानं ते जमलं नाही. तिथंच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तिथून अमेरिका. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. अमेरिकेत त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं, गावोगाव भाषणं दिली आणि बॉस्टनच्या लोकांकडून दहा वर्षं मदतीचं वचन घेऊन परत आल्या. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्यात हललं. इथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढं महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई.

१८९३ मध्ये मोठा वाद झाला. सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून केसरीनं झोड उठवली. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. वीसेक मुलींना पालकांनी काढून नेलं. पुण्यात रमाबाई जवळपास एकट्या पडल्या.

अशा वेळी १८९६ च्या शेवटाला मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या यायला लागल्या.

रमाबाई लगेच धावून गेल्या असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. त्या आधी घाबरल्या. बॉस्टनहून येणारा पैसा पन्नास-साठ मुलींना पुरेल इतका, आणि दहा वर्षांची मुदतही संपत आलेली. वरून पुण्यात प्लेग शिरलेला. पण दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलीचं काय होतं, हे त्यांना कुठल्या अहवालात वाचायची गरज नव्हती. त्या निघाल्या.

आता त्या काळात सरकारी मदत नव्हती का? होती. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर इंग्रजांनी दुष्काळाचे नियम केले होते. धडधाकट माणसांना खडी फोडण्याची, तलाव खणण्याची कामं. ज्यांना काम होत नाही त्यांच्यासाठी निराधारांची छावणी, तिला पुअर हाऊस म्हणायचे. आपल्याकडं बहात्तरच्या दुष्काळातली खडी आणि सुकडी घरातल्या आजी-आजोबांना आठवत असेल, त्या व्यवस्थेची मुळं तिथपर्यंत जातात.

पण त्या नियमांत माणूस म्हणजे पोट, एवढाच हिशोब होता. दहा वर्षांची पोर एकटी छावणीत आली तर तिला रात्री झोपवायचं कुठं, तिच्याजवळ कोण, हे नियमात नव्हतं. रमाबाईंनी छावण्या फिरून बघितल्या. उघड्यावर, घाणीत, थंडीत पडलेली माणसं. मुकादमांच्या हातात पोरी-बायकांची इज्जत. आणि छावण्यांच्या, रस्त्यांच्या आसपास फिरणारे दलाल. पोरींना खायला देतो सांगून गोळा करायचं आणि विकायचं, हा त्यांचा धंदा. दुष्काळ म्हणजे त्यांचा सुगीचा काळ.

म्हणजे शर्यत होती. पोरीपर्यंत आधी कोण पोहोचतो, दलाल की रमाबाई.

आज या कामाला आपत्तीतलं बालसंरक्षण असं भारदस्त नाव आहे. एकट्या पडलेल्या मुलाला आधी ओळखा, सुरक्षित जागी न्या, मग खाणं, औषध, शाळा. लातूरकरांना हे वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर इथल्या सुमारे बाराशे मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं गेलं, ते पुणेकरांनाही आठवत असेल. पण १८९७ मध्ये जगात याचं कुठलंच पुस्तक नव्हतं. लंडनमध्ये सेव्ह द चिल्ड्रन ही संस्था स्थापन झाली १९१९ साली, युनिसेफ १९४६ साली.

काही महिन्यांत फेऱ्या मारून रमाबाईंनी आणि त्यांच्या माणसांनी तीनशेच्या आसपास मुली-बायका आणल्या. आधी ठरवलं होतं विधवा मुलींनाच घ्यायचं. पण उपाशी पोरांच्या रांगेत उभं राहून तू विधवा आहेस का, असं विचारणार कसं? ती अट तिथंच गळाली.

आणलेल्या मुलींपैकी बऱ्याच आजारी होत्या. काही वाचल्या नाहीत. महिनोन् महिने उपाशी राहिलेल्या पोटाला एकदम पोटभर जेवणही झेपत नाही, त्यामुळं पोर हाती लागली म्हणजे वाचली असं नसतं.

त्यात प्लेगमुळं पुण्यात एवढी गर्दी ठेवायला सरकारनं मनाई केली. आता तीनशे जीव घेऊन जायचं कुठं?

इथं केडगाव कामाला आलं. काही वर्षांपूर्वी रमाबाईंनी तिथं शंभर एकरांच्या आसपास जमीन घेऊन ठेवली होती. बॉस्टनची मदत संपल्यावर संस्थेला स्वतःचं उत्पन्न हवं म्हणून तिथं फळझाडं लावली होती. तीच बाग छावणी झाली. आधी तंबू, मग गवताच्या झोपड्या, मग पक्क्या इमारती. नाव ठेवलं मुक्ती.

सांभाळायला माणसं कुठून आणली? तर शारदा सदनातल्या जुन्या मुली. १८९३ च्या वादानंतरही टिकून राहिलेल्या या विधवा मुली आता शिकून तयार झाल्या होत्या. एकेकीकडं नव्या पोरींचा एकेक गट दिला. कालपर्यंत ज्यांना घरच्यांनी अपशकुनी म्हणून कोपऱ्यात बसवलं होतं, त्या आता कुणाच्या तरी आई झाल्या.

त्याच वर्षी रमाबाईंनी आणखी एक धाडस केलं. पुण्यातल्या प्लेगच्या इस्पितळात बायका सुरक्षित नाहीत, आपल्याच एका मुलीच्या बाबतीत वाईट झालं, असं त्यांनी मुंबईच्या एका इंग्रजी पत्रात जाहीर लिहिलं. प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेलं. गव्हर्नरनं आरोप फेटाळले. गंमत बघा, प्लेगच्या बंदोबस्तातल्या जुलमावर तेव्हा केसरीही तुटून पडला होता. १८९३ मध्ये समोरासमोर असलेले दोघं १८९७ मध्ये एकाच सरकारला जाब विचारत होते. अर्थात म्हणून त्यांचं पटलं असं काही नाही.

१८९८ मध्ये बॉस्टनची मुदत संपली. रमाबाई पुन्हा अमेरिकेला जाऊन मदतीची नवी सोय करून आल्या. परत येतात तोवर त्याहून मोठं संकट दारात.

१८९९-१९०० चा दुष्काळ. गुजरात-राजस्थानात त्याला आजही छप्पनिया म्हणतात, कारण विक्रम संवत १९५६ होतं. त्याची झळ मुंबई इलाख्याला बसली, निजामाच्या मराठवाड्यालाही बसली. यावेळी रमाबाईंना सगळीकडं स्वतः जावं लागलं नाही. मुक्तीत तयार झालेल्या बायका गुजरातेत गेल्या आणि पोरी शोधून आणू लागल्या. केडगावची संख्या दीड हजारांच्या वर गेली.

जरा कल्पना करा. स्वतः केडगावातही पाऊस नाही आणि दीड हजार तोंडं. विहिरी खणाव्या लागल्या, शंभरावर गुरं सांभाळावी लागली. रोजचं दळण, रोजचं सरपण, रोजचं पाणी. वर्गणी यायची ती समुद्रापलीकडून, आगबोटीच्या टपालानं.

पण मुक्ती हे नुसतं अन्नछत्र झालं नाही. तिरुपतीच्या जंगलातली ती बोच इथं कामाला आली. मुक्तीत प्रत्येकीला लिहायला-वाचायला तर शिकवायचेच, पण हाताला काम हे हवंच. विणमाग, शिवण, शेती, दूधदुभतं, तेलघाणा, स्वयंपाक, टोपल्या विणणं. छापखाना होता, तिथं मुलीच खिळे जुळवायच्या, छापायच्या, बांधणी करायच्या. अंध मुलींसाठी ब्रेल लिपी. ती मनोरमा अमेरिकेतून शिकून आली होती. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन, मुलग्यांसाठी सदानंद सदन. शास्त्र्याच्या लेकीनं कुठलंच काम हलकं ठेवलं नाही.

आता धर्मांतराचं काय? हा प्रश्न टाळून पुढं जाता येणार नाही.

शारदा सदन सुरू करताना धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं असं ठरलं होतं. मुक्ती मात्र उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. तिथं आलेल्या मुलींना ख्रिस्ती शिकवण मिळायची आणि पुष्कळ मुली ख्रिस्ती झाल्या. उपाशी, अनाथ, आठ-दहा वर्षांच्या पोरीला निवडीचं स्वातंत्र्य कितपत असतं? हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो पोकळ नाही. भाकरीबरोबर धर्म आला की घेणाऱ्याला नाही म्हणणं अवघड जातं.

पण त्याच्या दुसऱ्या बाजूला एक इतिहास आहे. मध्य प्रांतातली अनाथ मुलं मिशनरी घेऊन जातात हे बघून लाला लजपतराय आणि आर्य समाजानं १८९७ मध्ये आणि पुन्हा १९०० च्या दुष्काळात अनाथ मुलांना सांभाळण्याची स्वतःची मोहीम काढली. पंजाबातून माणसं आली, मुलं नेली, अनाथालयं उभी राहिली. म्हणजे टीकेचं रूपांतर कामात झालं. पुण्यात मात्र रमाबाईंवर टीका करणाऱ्यांची संख्या आणि दुष्काळी भागात जाणाऱ्यांची संख्या यात बरंच अंतर होतं.

१९०० नंतर रमाबाई केडगावातच रमल्या. १९१० च्या दशकात त्यांनी आणि मनोरमानं निजामाच्या राज्यात, गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली. लातूरपासून ते अंतर काही फार नाही. १९१९ मध्ये सरकारनं त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं. कान जवळपास गेले होते. शेवटची वर्षं त्यांनी बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून साध्या मराठीत आणण्यात घालवली. ते पुस्तक मुक्तीच्या छापखान्यात त्या दुष्काळातून आलेल्या मुलींनीच जुळवलं आणि छापलं.

मनोरमा आपल्यामागं सगळं सांभाळेल असं रमाबाईंनी धरलं होतं. २४ जुलै १९२१ ला चाळिशीची मनोरमा आजारानं गेली. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता पोर. पुढच्या वर्षी, बायबलची शेवटची मुद्रितं तपासून झाल्यावर, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाईही गेल्या. वय ६३. १९८९ मध्ये भारत सरकारनं त्यांचं टपाल तिकीट काढलं.

मुक्ती मिशन अजून केडगावात आहे. निराधार मुली आणि बायका आजही तिथं राहतात.